थीम कोणाची, जबाबदारी कोणाची?

ब्लॉग सुरू करायचा ठरला की मजकुराच्या आधी माणूस रूपाकडे वळतो. वर्डप्रेस बसवून झालेले असते, नाव ठरलेले असते, आणि मग गूगलवर ‘मोफत थीम’ असे शोधले जाते. समोर देखण्या थीमची रास पडते. त्यातली एक डाउनलोड करायची, दोन बटणे दाबायची, की ब्लॉग एखाद्या नामांकित मासिकासारखा दिसू लागतो. पैसे लागत नाहीत, ओळख द्यावी लागत नाही आणि ही थीम लिहिली कोणी, हे विचारायचे कोणाच्या मनातही येत नाही. ‘फुकट ते पौष्टिक’ असे आपण थट्टेने म्हणतो, पण संगणकाच्या बाबतीत पुष्कळांनी ते खरेच मानले आहे. दुसऱ्या टोकाला सावधगिरीचा सल्ला देणारे असतात. फुकटाच्या वाटेला जाऊच नका, पैसे मोजा आणि निर्धास्त राहा, असे ते सांगतात. माझ्या मते दोघांचाही नेम चुकतो. थीमचा धोका तिच्या किमतीत नाही. ती कोणी लिहिली, कोणाच्या हातून आपल्यापर्यंत आली आणि उद्या तिच्यात खोट निघाली तर दुरुस्त कोण करणार, या तीन प्रश्नांना उत्तर नसणे हा खरा धोका आहे. फुकटच्या बाजारात हे प्रश्न कोणी विचारत नाही, म्हणून तिथे बेवारस कोड सहज खपून जातो, इतकेच.

थीम म्हणजे रंग, अक्षरवळण आणि मांडणी अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात वर्डप्रेसमधली थीम हा एक पूर्ण प्रोग्राम असतो. तिच्या फोल्डरमध्ये ‘फंक्शन्स.पीएचपी’ नावाची फाइल असू शकते, बहुतेक वेळा असतेच, आणि ब्लॉगचे पान तयार होताना सर्व्हर ती चालवतो. वर्डप्रेस थीमला वेगळ्या कुंपणात ठेवत नाही. डेटाबेसचा पासवर्ड ज्या फाइलमध्ये असतो ती वाचणे, नवे ॲडमिन खाते उघडणे, लेखांत परका मजकूर घुसडणे, सर्व्हरवर नव्या फाइली लिहिणे, यातले जे जे मूळ वर्डप्रेसला करता येते ते ते थीमलाही करता येते. घर रंगवायला आलेल्या माणसाच्या हाती तिजोरीसकट साऱ्या किल्ल्या द्यायच्या आणि त्याचे नावही विचारायचे नाही, असा हा व्यवहार आहे. रंग चांगला लागला की आपण खूश होतो. किल्ल्यांची आठवण होते ती काहीतरी बिघडल्यावर. म्हणून ‘थीम कशी दिसते’ हा प्रश्न दुय्यम मानायला हवा. आपण आपल्या सर्व्हरवर कोणाचा प्रोग्राम चालवायला परवानगी देतो आहोत, हा पहिला प्रश्न.

या अधिकाराचा गैरवापर किती पद्धतशीरपणे होतो, हे नोव्हेंबर २०१४ मध्ये पुढे आले. नेदरलँड्समधील ‘फॉक्स-आयटी’ या सुरक्षा कंपनीने ‘क्रिप्टोपीएचपी’ नावाच्या चोरवाटेचा अहवाल त्या महिन्यात प्रसिद्ध केला. विकत मिळणाऱ्या थीम आणि प्लगइनचे परवान्याचे कुलूप काढून त्या फुकट वाटणारी संकेतस्थळे असतात. या व्यवसायात अशा मालाला ‘नल्ड’ म्हणतात. तिथे ठेवलेल्या थीममध्ये एकच जादा ओळ होती. ती ओळ चित्रांच्या फोल्डरमधली ‘सोशल.पीएनजी’ ही फाइल चालवायला सांगत असे. नावावरून ते चित्र वाटे, आत मात्र चित्राऐवजी कोड होता. तो बाहेरच्या सर्व्हरशी सांकेतिक भाषेत संपर्क ठेवी, हुकूम घेई आणि प्रामुख्याने शोधयंत्राचा रोबो पान वाचायला आला की त्यात परक्या संकेतस्थळांच्या लिंक मिसळी. या चोरवाटेच्या सर्व्हरकडे जाणारी रहदारी संशोधकांनी आपल्याकडे वळवली तेव्हा २३ हजारांहून अधिक आयपी पत्त्यांची नोंद झाली. एका पत्त्यावर अनेक वेबसाइट असू शकतात, हे लक्षात घेतले म्हणजे खरा आवाका कळतो. यातल्या प्रत्येक ठिकाणी चोर आत शिरला तो मालकाने स्वतःच्या हाताने दार उघडले म्हणून.

पाच वर्षांनी, नोव्हेंबर २०१९ मध्ये, ‘वर्डफेन्स’ या सुरक्षा कंपनीने ‘डब्ल्यूपी-व्हीसीडी’ नावाच्या टोळीकामाचा माग काढला, तेव्हा हा उद्योग आणखी पुढे गेल्याचे दिसले. नल्ड थीममधून आत शिरलेला हा कोड त्या वेबसाइटवरच्या इतर थीमच्या फाइलींतही स्वतःला लिहून ठेवी आणि त्याच होस्टिंग खात्यावरच्या शेजारच्या वेबसाइटही बाधित करी. मूळ थीम काढून टाकली म्हणून सुटका होत नसे. त्याहून धूर्त भाग त्याच्या अर्थकारणात होता. बाधित वेबसाइटवर लपवलेल्या लिंक नल्ड थीम वाटणाऱ्या संकेतस्थळांकडेच जात, त्यामुळे ती संकेतस्थळे शोधयंत्रात वर चढत. मग फुकट थीम शोधणाऱ्या पुढच्या माणसाला नेमकी तीच आधी दिसत. पैसा येई तो बाधित पानांवर घुसवलेल्या जाहिरातींतून. म्हणजे शोधयंत्रात एखादे संकेतस्थळ वरच्या क्रमांकावर दिसते यावरून त्याचा भरवसा धरावा, हा आपला नेहमीचा अडाखा इथे उलटा पडतो. त्याला वर चढवायला हातभार लागलेला असतो तो आधी फसलेल्यांचा.

सगळा धोका असा उघड गुन्हेगारी स्वरूपाचा नसतो. पुष्कळदा थीम लिहिणाऱ्याला फक्त लिंक हवी असते. थीम फुकट द्यायची आणि फूटरमध्ये कर्जाच्या, जुगाराच्या किंवा औषधविक्रीच्या संकेतस्थळांच्या लिंक पेरायच्या, हा धंदा जुना आहे. हजारो ब्लॉगवर ती थीम बसली की हजारो लिंक आपोआप तयार होतात. अशा लिंक पानावर दिसू नयेत म्हणून त्या पडद्याबाहेर ढकललेल्या असतात, आणि मालकाने काढू नयेत म्हणून कोड वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात गुंडाळलेला असतो. मराठीत ज्या ब्लॉगर व्यासपीठावर पुष्कळ लेखन झाले, तिथल्या बाहेरून घेतलेल्या टेम्प्लेटमध्येही हा खेळ चालतो. तिथे सर्व्हरवर कोड चालवता येत नाही, पण जावास्क्रिप्ट चालते. फूटरमधली लिंक काढली की ब्लॉगचा वाचक परस्पर टेम्प्लेट बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावर जाऊन पडतो. गूगलच्या स्पॅमविषयक धोरणात लपवलेल्या लिंक आणि टेम्प्लेटच्या फूटरमधून सर्वत्र पसरवलेल्या लिंक या दोहोंचा गैरप्रकार म्हणून उल्लेख आहे. शोधनिकालात मागे पडण्याची शिक्षा होते ती मात्र लिंक पेरणाऱ्याइतकीच ब्लॉग चालवणाऱ्यालाही. आपल्या नावाखाली काय छापले जाते हे ज्या लेखकाला ठाऊक नाही, त्याने लेखांच्या शुद्धलेखनाची काळजी घेऊन किती उपयोग?

हेतू स्वच्छ असला तरी प्रश्न सुटत नाही, कारण कोड जुना होतो. ऑगस्ट २०११ मधले ‘टिमथंब’चे प्रकरण याचे उत्तम उदाहरण आहे. चित्रांचा आकार बदलणारी ही छोटी, मोफत आणि उपयुक्त फाइल असंख्य थीममध्ये जशीच्या तशी घातलेली होती. फ्लिकर, ब्लॉगर अशा काही ठरावीक ठिकाणांहून चित्रे आणायची तिला मुभा होती. पण पत्त्यात ते नाव कुठेतरी आले आहे एवढेच ती तपासत असे. त्यामुळे हल्लेखोराने आपल्या पत्त्यात ते नाव मिसळले की त्याची फाइल थेट सर्व्हरवर येऊन बसे आणि चालवताही येई. मार्क मॉन्डर या तंत्रज्ञाच्या स्वतःच्या ब्लॉगवर असा हल्ला झाला, त्यांनी शोध घेतला तेव्हा ही खोट सापडली. टिमथंबची दुरुस्ती लवकर आली. पण थीमच्या पोटात दडलेली जुनी प्रत बदलणार कोण? ब्लॉगच्या मालकाला ती आपल्याकडे आहे हेच माहीत नव्हते. वापरात नसलेली, नुसती फोल्डरमध्ये पडून राहिलेली थीमही या हल्ल्याला पुरेशी होती. असाच प्रकार वर्डप्रेस आणि त्याच्या थीम ज्या भाषेत लिहितात त्या पीएचपीच्या नव्या आवृत्तींबाबत होतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएचपी ७.४ चा आधार संपला. पीएचपी ८ मध्ये काही जुनी फंक्शन्स काढून टाकलेली आहेत. निर्माता गायब झालेली थीम अशा वेळी एका सकाळी अख्खा ब्लॉग बंद पाडते आणि दाद मागायला समोर कोणी नसते.

आणखी एक धोका वाचकाशी संबंधित आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. पुष्कळ थीम अक्षरे, चित्रे आणि स्क्रिप्ट दुसऱ्यांच्या सर्व्हरवरून आणतात. पान आपले असते, पण वाचकाचा आयपी पत्ता परस्पर तिसऱ्याकडे पोचतो. जानेवारी २०२२ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने गूगलच्या सर्व्हरवरून फॉन्ट आणणाऱ्या एका वेबसाइटच्या चालकाला, वाचकाचा पत्ता संमतीविना गूगलला दिला म्हणून, १०० युरो भरपाई द्यायला लावली. त्यानंतर वर्डप्रेसच्या थीम विभागाने निर्मात्यांना फॉन्ट थीमसोबतच द्यायचा आग्रह धरला. जर्मनीत राहून मराठी ब्लॉग चालवणाऱ्यालाही अशा दाव्याला तोंड द्यावे लागू शकते, थीम कोणीही लिहिलेली असो. स्क्रिप्टच्या बाबतीत तर भरवशाचे ठिकाणही हात बदलते. ‘पॉलिफिल’ ही जुन्या ब्राउझरना मदत करणारी स्क्रिप्ट ज्या पत्त्यावरून मिळे तो पत्ता २०२४ च्या आरंभी एका चिनी कंपनीकडे गेला. त्याच वर्षी जूनमध्ये ‘सॅनसेक’च्या संशोधकांनी दाखवून दिले की तिथून आता घातक कोड येतो आहे आणि एक लाखाहून अधिक वेबसाइट ती स्क्रिप्ट वापरत आहेत. या वेबसाइटच्या मालकांनी काहीही बदलले नव्हते. कधीकाळी कोणीतरी लिहून ठेवलेली एक ओळ तेवढी शिल्लक होती.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. माझ्या कवितांच्या ब्लॉगवर हल्ला करून कोणाला काय मिळणार? हा प्रश्न हल्लेखोराला माणूस समजून विचारला जातो. प्रत्यक्षात ब्लॉग कोणाचा, त्यावर काय लिहिले आहे, हे पाहायला कोणी बसलेले नसते. आपोआप चालणारे प्रोग्राम ठरावीक खोट असलेल्या फाइली शोधत लाखो पत्त्यांवर फिरत असतात. त्यांना हवे असते ते सर्व्हरचे बळ, ईमेल पाठवायची सोय आणि शोधयंत्राच्या नजरेत जमलेली पत. पंधरा वर्षे सातत्याने लिहिलेल्या छोट्या ब्लॉगपाशी नेमकी हीच पत असते. पुढे गूगलचा सुरक्षा इशारा लाल पडद्याच्या रूपाने वाचकासमोर आला की तो परत येत नाही, मग लेख कितीही चांगला असो. शिवाय वर्डप्रेसवर फक्त कविता नसतात. शाळा, वाचनालये, पतसंस्था, छोटी प्रकाशने यांच्याही वेबसाइट त्यावर चालतात आणि अनेकदा कोणीतरी स्वस्तात, मिळेल ती थीम टाकून त्या करून दिलेल्या असतात. एखाद्याची खासगी नोंदवही २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याबाहेर राहील, पण पालकांचे फोन नंबर गोळा करणाऱ्या संस्थेला ‘आमची थीम फुकटची होती’ असे सांगून सुटता येणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मग पैसे देऊन थीम घ्यावी, म्हणजे प्रश्न मिटला, असे सांगितले जाते. पुरावा याच्या बाजूने नाही. ‘स्लायडर रिव्होल्यूशन’ हे विकतचे प्लगइन अनेक विकतच्या थीममध्ये सोबत दिलेले असे. त्यातली खोट निर्मात्याने दुरुस्त केली, तरी थीममधून मिळालेल्या प्रतींना अपडेट आपोआप पोचत नसे. डिसेंबर २०१४ मध्ये त्या खोटीतून झालेल्या हल्ल्यात गूगलने ११ हजारांहून अधिक डोमेन काळ्या यादीत टाकली. मार्च २०१९ मध्ये ‘पिपडिग’ या ब्लॉगलेखकांना थीम विकणाऱ्या ब्रिटिश कंपनीच्या प्लगइनमध्ये, ग्राहकांच्या सर्व्हरवरून एका प्रतिस्पर्ध्याच्या वेबसाइटला वारंवार विनंत्या धाडणारा आणि दुरून डेटाबेस पुसू शकणारा कोड असल्याचे वर्डफेन्सने मांडले. कंपनीने गैरहेतूचा आरोप नाकारला. पण असा कोड ग्राहकाला न सांगता त्याच्या सर्व्हरवर असू शकतो, हे त्यातून दिसलेच. याच्या उलट उदाहरण नेपाळमधील ‘ॲक्सेसप्रेस थीम्स’चे. सप्टेंबर २०२१ मध्ये त्यांच्याच वेबसाइटवरच्या ४० थीम आणि ५३ प्लगइनमध्ये बाहेरच्यांनी चोरवाट घातली, आणि ‘जेटपॅक’च्या संशोधकांनी ती शोधून काढली. पण त्याच थीमच्या वर्डप्रेसच्या अधिकृत दालनातल्या प्रती स्वच्छ होत्या. निर्माता एकच, किंमतही तीच, म्हणजे शून्य. फरक होता तो माल कोणत्या दारातून आला याचा. माझ्या म्हणण्याला याहून नेमका दाखला देता येणार नाही.

तिसरा आक्षेप मुक्त सॉफ्टवेअरच्या कैवाऱ्यांचा, आणि त्यात तथ्य आहे. वर्डप्रेस स्वतःच फुकट आहे. २००३ मध्ये मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांनी ते एका बंद पडत चाललेल्या मुक्त प्रोग्रामच्या आधारे उभे केले, आणि आज जगातल्या वेबसाइटपैकी ४० टक्क्यांहून अधिक त्यावर चालतात. त्याच्या जीपीएल परवान्यात कोड दुसऱ्याला द्यायचे स्वातंत्र्य आहे, त्यामुळे त्या परवान्याखालची विकतची थीम कोणी फुकट वाटली म्हणून लगेच तो चोर ठरत नाही. हे सगळे मान्य. पण तोच परवाना, कोडची कोणतीही हमी नाही, असेही स्पष्ट बजावतो. कोड सर्वांना वाचता येतो याचा फायदा तेव्हाच मिळतो, जेव्हा कोणीतरी तो खरोखर वाचतो. वर्डप्रेसच्या अधिकृत दालनात थीम घेण्यापूर्वी तपासली जाते. लपवलेला कोड आणि फूटरमधल्या जाहिरातीच्या लिंक तिथे चालत नाहीत आणि दोन वर्षांहून अधिक काळ अपडेट न झालेल्या थीमवर तशी सूचना दिसते. ही तपासणी अचूक असतेच असे नाही, पण चूक निघाली तर ती थीम काढून टाकणारे कोणीतरी तिथे असते. अनोळखी संकेतस्थळावरच्या झिप फाइलला असा वाली नसतो. मुक्ततेवर विश्वास ठेवणाऱ्यानेच हा भेद सर्वांत आग्रहाने पाळायला हवा, कारण बेवारस मालामुळे बदनाम होते ती मुक्त सॉफ्टवेअरची कल्पना.

पैसे नसलेल्या लेखकाने काय करावे, याचे उत्तर म्हणूनच अवघड नाही. वर्डप्रेससोबत येणाऱ्या मूळ थीम साध्या असतात, पण त्या लिहिणारे आणि दुरुस्त करणारे कोण हे जाहीर असते. अधिकृत दालनातून घेताना शेवटच्या अपडेटची तारीख पाहावी, न वापरलेल्या थीम पुसून टाकाव्यात, बॅकअप सर्व्हरबाहेर ठेवावा. सुरक्षेचे प्लगइन बसवले की काम भागते, हाही भ्रम आहे. आत घुसलेली थीम त्याच अधिकाराने ते प्लगइन बंद पाडू शकते. जे दुसऱ्यांना वेबसाइट करून देतात त्यांनी बिलावर थीमचे नाव, ती कुठून घेतली आणि अपडेट कोण करणार हे लिहून द्यावे, आणि संस्थांनी ते मागून घ्यावे. या एका सवयीने नल्ड थीमचा बराच धंदा बसेल, कारण तो चालतो तो ग्राहक काही विचारत नाही म्हणून.

मराठीपुरती एक गोष्ट अधिक करता येण्यासारखी आहे. बहुतेक थीम रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या असतात. शीर्षकांतल्या अक्षरांमध्ये वाढीव अंतर सोडण्याची त्यांची फॅशन देवनागरीची शिरोरेषा तोडते. ओळींमधले अंतर कमी असले की मात्रा आणि उकार एकमेकांत अडकतात. नीट दिसणारी थीम सापडेपर्यंत मराठी लेखक दहा अनोळखी ठिकाणांहून दहा थीम आणून पाहतो आणि यातली प्रत्येक चाचणी जोखमीची असते. यावर उपाय आपल्याकडेच आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटाने ‘मुक्त’सारखे देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्याखाली उपलब्ध करून दिले आहेत. ते फुकट आहेत आणि त्यांच्यामागे उभे राहणारे नावही आहे. तशीच एक मराठी थीम राज्य मराठी विकास संस्थेने किंवा एखाद्या विद्यापीठाच्या संगणक विभागाने तयार करून अधिकृत दालनात ठेवावी, आणि मुख्य म्हणजे तिच्या देखभालीची वर्षानुवर्षे तरतूद करावी. भाषेला अभिजात दर्जा ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळाला. त्यानंतरच्या घोषणांच्या तुलनेत या कामाचा खर्च किरकोळ आहे. उद्घाटनाच्या फितीपेक्षा अपडेटचे वेळापत्रक महत्त्वाचे मानणारी संस्था तेवढी हवी. ती मिळेपर्यंत प्रत्येक ब्लॉगलेखकाने निदान एवढा नियम पाळावा : ज्या थीममागे दुरुस्तीची जबाबदारी घेणारे कोणी सापडत नाही, ती फुकट असो की विकत, आपल्या सर्व्हरवर चढवायची नाही.